ऑगस्टच्या कव्हरवरचा हार

लातूर
१२ ऑगस्ट २०२५

अण्णा,

सगळे खुशाल वगैरे ओळ तू मनातल्या मनात वाचून घे. तू माझा नंबर ब्लॉक केलास, वहिनींचाही फोन लागत नाही, म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायला नको.

त्या दिवशी स्पीकर लावून पंचांसमोर तुला बोलले, त्याचा मला पस्तावा नाही. आपला बाप समोर पाटावर बसला होता. गावच्या सप्ताह कमिटीची पाच माणसं बसली होती. आणि तुझ्या 'सूरपेटी'च्या अंकावर तोच बाप काळापांढरा होऊन झेंडूच्या हारात बसला होता. मी विचारलं, अंक खपावा म्हणून जित्या बापाला हार घातलास का? तू 'हं' म्हणालास आणि फोन ठेवलास. एकवीस वर्षं संगीताचं मासिक चालवतोस, महिन्याला पानंच्या पानं लिहितोस, आणि बापाच्या वेळेला तुला एवढाच शब्द सुचला.

तुला नांदेडात बसून इथलं काय कळणार, म्हणून सांगते. अंक लातूरच्या स्टँडवर आला त्या दिवशी मी तिथूनच चालले होते. स्टॉलवाल्या साहेबरावांनी मला बघून टोपी काढली. "ताई, कळलंच न्हाई वो आमाला. कवा झालं?" मी म्हटलं, काय कवा झालं? त्यांनी दोरीकडं बोट केलं. तुला माहीत आहे तिथे अंक कसे टांगतात. क्लिपा लावून एकावर एक, वरचा चतकोर तेवढा दिसतो. त्या चतकोरात आप्पांचं कपाळ, विभूतीचे तीन पट्टे आणि वरून हाराचा गोल. खाली 'शिवभजनाचा महामेरू' असं तू कितीही मोठं छाप, ते वाचायला कोण थांबतंय? आपल्याकडे प्रत्येक चौकात असला फोटो बांधलेला असतो आणि त्याचा एकच अर्थ असतो. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसालाही तो वाचता येतो.

दुसऱ्या दिवशी उदगीरची सिद्धम्मा मावशी दुखवट्याचं धोतर-टोपी घेऊन आली. गल्लीच्या तोंडापासून रडत आली. दार आप्पांनीच उघडलं, तोंडात ब्रश. मावशी पायरीवरच बसली. मग हसली, आप्पांच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली आणि म्हणाली, "आयुष्य वाढलं बगा भावजी तुमचं." आणलेले कपडे परत कसे न्यायचे, म्हणून तिने ते तुझ्या दाजींना देऊन टाकले. शिवप्रसाद ते अंगाला लावत नाहीत. कपाटावर पडलेत.

आयुष्य वाढलं असं जो तो म्हणतोय. पण आप्पांना श्रावणातल्या एकाही सोमवारचं बोलावणं आलं नाही. दर साली चार सोमवारी चार गावं असतात. यंदा एकाही मंडळाने फोन केला नाही, कारण मेलेल्या माणसाला कोण फोन करतं? आणि गावच्या शिवनाम सप्ताहाची सांगता अठरा तारखेला आहे. चाळीस वर्षं सांगतेच्या भजनाला मधल्या पेटीवर आप्पाच बसतात. कमिटीने पत्रिका छापून टाकली आहे, तिच्यात आता दुसरं नाव आहे. आप्पा जिवंत बघून पाचही जण आधी हसले, चहा प्याले आणि उठताना म्हणाले, "पत्रिका वाटून झाली आप्पा. आन एकदा हार पडलेल्या मान्साला त्याच साली सांगतेला बसवणं बरं दिसत न्हाई. पुढल्या साली बगू." शहात्तर वर्षांच्या माणसाला पुढल्या सालाचा वायदा.

आप्पांनी पेटीवर टॉवेल टाकून ठेवलाय.

माझं मागणं एकच आहे. सप्टेंबरच्या कव्हरवर आप्पा पुन्हा पाहिजेत. रंगीत, तोंड उघडं, गाताना, घेणाऱ्याच्या डोळ्यात बघणारे. म्हणजे मंडळांना कळेल की माणूस आहे आणि गातोय. मी मे महिन्यात काढलेला तो फोटो तुझ्याकडे आहे. मी तोच पाठवला होता. पुढे त्याचं काय झालं ते तुझं तू जाण.

सिंधु

—

लातूर
३० ऑगस्ट

अण्णा,

तुझं पत्र मिळालं. 'सूरपेटी'च्या छापील कागदावर चार ओळी आणि खाली संपादकाचा शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का मारून पत्र पाठवणारा मराठवाड्यात तू पहिलाच असशील.

तू लिहितोस, सप्टेंबरचं कव्हर आधीच ठरलंय, खुलासा आत छापतो, आणि तू जरा शांतपणे आठवून बघ. मी काय आठवायचं ते लिहिलं नाहीस. मला सगळं आठवतं.

सप्टेंबरचा अंक बघितला. कव्हरवर उमरीचा ब्रास बँड, लाल कोट, पुढे क्लॅरिनेटवाला गाल फुगवून. बरोबर आहे, दिवाळीनंतर लग्नसराई, बँडवाले आतापासून अंक चाळतात. तुझ्या खुलाशाला शोधत शोधत सेहेचाळिसाव्या पानावर गेले. तबला दुरुस्तीच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. 'मुखपृष्ठावरील सजावटीमुळे काही वाचकांचा गैरसमज झाला. श्री. शिवलिंगआप्पा यांची प्रकृती ठणठणीत आहे.' कव्हरवर मारलंस आणि सेहेचाळिसाव्या पानावर जिवंत केलंस. तिथपर्यंत कोण जातं अण्णा? तूच सांगायचास, अंक घेणाऱ्या शंभरातले नव्वद लोक कव्हर बघतात, आपल्या गावाच्या बातमीचं पान बघतात आणि अंक टीव्हीखाली ठेवून देतात.

गैरसमज म्हणे. तुला काय माहीत नव्हतं? मी सतरा वर्षांची असताना तू मला माळेगावच्या जत्रेत स्टॉलमागे बसवलं होतंस. वही दिलीस आणि म्हणालास, गाणं-बिणं राहू दे, कोणाचा हात कोणत्या अंकाकडे जातो ते लिही. पाच दिवस मी तेच लिहिलं. धुळीत निळं कव्हर दिसत नाही, पिवळं लांबून दिसतं. गवयाची नजर खाली असेल तर माणूस पुढे निघून जातो, नजर समोर असेल तर थबकतो. शाळेतल्या पोरी माईक धरलेल्या बाईचा अंक उचलतात, आधी तिची साडी बघतात आणि मग नाव. आणि कपाळ. हे तर तू मला बोटाने दाखवलंस. दोरीवर टांगल्यावर दिसतं ते कपाळच, म्हणून कपाळावरूनच माणूस ठरवतो हा अंक आपला की दुसऱ्याचा. विभूती दिसली की आपले लोक थांबतात, बुक्का दिसला की माळकरी, आणि कपाळ रिकामं असून केस उभे असले की अल्बम काढणारी पोरं.

शेवटच्या दिवशी तू त्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलंस की भजनवाला माणूस आधी हात जोडतो आणि मग पान उलटतो, म्हणून हात जोडावेसे वाटतील असंच कव्हर करायचं. वही अजून माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आहे. म्हणून म्हणते, गैरसमज झाला असं मला तरी सांगू नकोस.

ऑगस्टचा अंक पुन्हा छापलास हेही कळलं. प्रेसवाला माझ्याकडूनच फ्लेक्सचं कापड नेतो, त्याने हसत सांगितलं. इतका अंक कधीच गेला नव्हता म्हणे. लोक कव्हर फाडून फ्रेम करतायत. रेणापुरात एका भजनी मंडळाने देवाच्या बाजूला लावलाय आणि खाली उदबत्ती लावतात. हे आप्पांना सांगायचं कसं?

आप्पा आठवड्यातून एकदा गावी जातात, पारावर बसतात आणि सगळ्यांना सांगतात, "माज्या पोरानं माला जित्तेपणी हार घातला. इज्जत काढली माजी." एकदा नाही, दर वेळी. गंगम्माच्या पोटी असला निपजला, असंही म्हणाले. आई गेल्यापासून चार वर्षांत त्यांनी आईचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, ते तुला शिव्या देताना. गावातली पोरं तुझ्या मासिकाला काय म्हणतात ते लिहीत नाही. सध्या गावात येऊ नकोस.

सप्ताहाची सांगता झाली. भजन झालं, लोकांना बरं वाटलं म्हणतात. आप्पा गेले नाहीत.

तू आपल्या बापाशी असं का वागलास, एवढं एकदा शिक्का न मारता लिही.

सिंधु

—

लातूर
१६ सप्टेंबर

अण्णा,

पाकीट उघडलं, तर आत तुझं अक्षर नव्हतंच. माझाच ईमेल कागदावर छापून मला पाठवलास. एकोणीस जुलै. 'दोन्ही कव्हरं पाठवतेय. एक रंगीत, एक काळंपांढरं हारासकट. माझं मत दुसऱ्याला. पहिल्यात आप्पा कुणावर तरी ओरडतायत असं वाटतं.' खाली माझं नाव.

शिवप्रसादांनी वाचलं आणि उठून फ्लेक्सच्या मशीनवर जाऊन बसले.

बरं. तर आठवलं. आठवत नव्हतं असं नाहीच. त्यानंतर तू फोन केला होतास, तेही लिहून टाकते, म्हणजे तुला पुढचा कागद छापायला नको. तू विचारलंस, "सिंधु, हार जरा जास्त होत नाही का?" मी म्हटलं, तुझ्याच वहीत लिहिलंय, हात जोडावेसे वाटतील असं कर. तू "बघ बाई, तू म्हणतेस तर" म्हणालास. तेव्हा मी नको म्हणायला पाहिजे होतं.

तुझ्या दुकानात काय चालतं ते तुला माहीत, माझ्या दुकानात काय चालतं ते मला. आठवड्याला तीन-चार श्रद्धांजलीचे फ्लेक्स मी करते. फोटो काळापांढरा करायचा, कडा पुसायच्या, वरून हार टाकायचा. दहा मिनिटांचं काम. लोकांना ते कसं वाचता येतं हे मला माहीत नव्हतं, असं मी शपथ घेऊन सांगितलं तरी तू विश्वास ठेवू नकोस.

आता कारण सांगते. पंचवीस वर्षं मी आप्पांच्या मागे बसून टाळ वाजवते आणि त्यांची ओळ मागून ओढून धरते. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांचा श्वास पुरत नाही. वरच्या सुरात ते मध्येच थांबतात आणि तिथून पुढे मी नेते. समोरच्या लोकांना वाटतं, आप्पांचा आवाज अजून कसा खणखणीत आहे. आषाढात एका तालमीला मी धीर करून म्हटलं, आप्पा, यंदा सांगतेला एक पद मी पुढे बसून म्हणू का? मंडळातले सगळे होते. आप्पा म्हणाले, "तुजी जागा माज्या मागंच हाय. म्या जित्ता हाय तवर मधल्या पेटीवर दुसरं कुणी बसत न्हाई. मेल्यावर बस." सगळे हसले. तबलजी तर टाळी देऊन हसला. मीही हसले, काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात तुझं ऑगस्टचं कव्हर करायला बसले. एकवीस वर्षं तू आप्पांना कव्हरवर घेतलं नव्हतंस, स्वतःच्या बापाला घेतलं तर लोक नावं ठेवतील म्हणून. शेवटी यंदा घेतलंस. आप्पा किती खूश होते, दाढी करून फोटोला बसले होते. मी रंगीत कव्हर केलं. चांगलं झालं होतं. मग दुसरं केलं. हार त्यांच्या फोटोवर ठेवला आणि तो नेमका बसला, कुठे ओढावा लागला नाही की कापावा लागला नाही. मला बरं वाटलं अण्णा. पोटातून बरं वाटलं. त्यांनी मरावं असं माझ्या मनात नव्हतं, पण 'मेल्यावर बस' म्हणाले होते ना, तर घ्या, असं मनात आलं.

आणि पत्रिकेत जे दुसरं नाव छापलं होतं, ते माझं. ती पाच माणसं सांत्वनाला आली होती आणि मला विचारायला आली होती. खरं तर विचारायलाही नाही, छापूनच आणलं होतं. आप्पांना जिवंत बघून त्यांची पंचाईत झाली आणि माझीही. मी ओरडून तुला फोन लावला तो त्यामुळे. कुणाकडे तरी बोट दाखवल्याशिवाय मला तिथे बसवलं नसतं. तू 'हं' म्हणालास आणि मला सुटल्यासारखं झालं.

अठरा तारखेला मी मधल्या पेटीवर बसले. माईक माझ्या उंचीला करून दिला होता. समोर सगळा गाव, बाया पुढे सरकून बसल्या होत्या. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटली. दीड तास गायले. उठले तेव्हा म्हाताऱ्या बाया पाया पडायला आल्या आणि मी पडू दिलं. माझ्या लग्नात, दुकान काढलं तेव्हा, कधीच मला इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी आले तर आप्पा भाकरी खाऊन झोपले होते.

ईमेलच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलने लिहिलंयस की दिवाळी अंक 'वारसा' या विषयावर आहे, कव्हरवर मी आणि आप्पा, आप्पांचा हात माझ्या डोक्यावर, फोटोवाली मुलगी पाठवतो. किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तू हे माझ्यासाठी करतोस की ऑगस्टसारखा खप पुन्हा व्हावा म्हणून, मला ठरवता येत नाही. आणि तो ईमेल तू पंचांना का दाखवला नाहीस, तेही कळत नाही. मेलेल्या माणसाचा अंक खपत होता तोवर गप्प राहणं तुलाही परवडत होतं, असं माझं वाईट मन म्हणतं.

पण हो. घे कव्हरवर. मला लाज वाटते, तरी हो. येत्या रविवारनंतर कधीही पाठव तिला.

सिंधु

—

लातूर
५ ऑक्टोबर

अण्णा,

एव्हाना आप्पा तुझ्याकडे येऊन चार दिवस झाले. ते काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

तुझी फोटोवाली मंजुश्री एक तारखेला सकाळी आली. पोरगी हुशार आहे. पडदा लावला, खुर्ची ठेवली, मला पिवळी साडी नेसायला लावली. आप्पांना म्हणाली, "आजोबा, हात ताईंच्या डोक्यावर ठेवा ना. सर म्हणाले, आशीर्वाद दिसला की बायका अंक घेतात." आप्पा अंघोळ करून, विभूती लावून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. हात मांडीवरचा उचलला नाही. तिने तीनदा सांगितलं.

मग आप्पा मला म्हणाले, "ह्या टायमाला हार घालणार न्हाईस का?"

मी म्हटलं, हार कशाला आप्पा?

"का? मागल्या टायमाला तर चांगला बसला व्हता."

मंजुश्री कॅमेरा खाली घेऊन उभी राहिली. मी तिच्यासमोरच सांगून टाकलं, आप्पा, तो हार मी घातला, अण्णाने नाही. तुम्ही मेल्यावर बस म्हणालात म्हणून घातला. रडत सांगितलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मी रडले नाही, रागानेच बोलले.

आप्पा म्हणाले, "माला ठाव हाय. तुज्या आईच्या फ्लेक्सला ह्योच हार व्हता. डाव्या अंगाचं एक फूल उलटं हाय त्यात. चार वर्सं झाली, रोज बगतो म्या."

आईचा तो फ्लेक्स कापून आम्ही भिंतीला लावलाय, त्यांच्या खाटेसमोर. हजार वेळा तो हार मी वापरला असेल, पण ते उलटं फूल मला कधी दिसलं नव्हतं.

मी विचारलं, माहीत होतं तर गावात अण्णाला शिव्या का घातल्या? ते म्हणाले, "तुला घातल्या असत्या तर तुला मधल्या पेटीवर कुणी बसू दिलं असतं? बापाला मारून बसली म्हनले असते. पोराला शिव्या घातल्या तर त्याला काय व्हतंय, त्यो नांदेडात हाय."

मी खाली बसले. अण्णा, पंचवीस वर्षं मी या माणसाच्या मागे बसले आणि मला त्याचं काहीही कळलं नव्हतं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय काढून घेतले.

"गायलीस बरी," म्हणाले. "साहेबरावाच्या मोबाइलवर आयकलं म्या, स्टँडवर बसून. पर सगळं माजंच गायलीस. चाल माजी, हरकत माजी. माजा दम पुरत न्हाई म्हनून म्या जितं थांबतो, तितं बी तू थांबलीस. तुला काय धाड भरली हाय थांबायला? लोकांनी डोळे मिटून माला आयकलं, मेलेल्याला. आता माज्या चाली माला ठिव. अजून जित्ता हाय म्या."

मी म्हटलं, बरं आप्पा, पुढच्या साली तुम्हीच बसा, मी कमिटीला सगळं सांगते. त्यांनी मान हलवली. "सांगू बी नगस आन रडू बी नगस. तू बस तितं. पर तुजं गा." मग उठले, पिशवी भरली आणि पेटी टॉवेलात बांधली. शिवप्रसाद अडवायला गेले, तर त्यांना म्हणाले, "सगळ्यांच्या म्होरं त्यानं शिव्या खाल्ल्या, पर हिचं नाव घेतलं न्हाई. त्याच्याकडं जातो." नांदेडच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले. वर ठेवू देईनात. मी खिडकीपाशी उभी होते, पण माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

तर त्यांची काळजी घे. बीपीची गोळी सकाळी, भाकरीआधी. गोड खात नाही म्हणतात, पण डबा हाताला लागू देऊ नको. विभूती गावाकडचीच लागते, मी पाठवते. मळमळ झाली तर कुणाला सांगत नाहीत, नुसते गप्प बसतात, तेवढ्यावरून ओळखायचं. शिव्या देतील त्या खाऊन घे. तुझी ती सवय चांगली आहे, हे मी आधी ओळखायला पाहिजे होतं.

मी तुला तीन पत्रांत जे जे लिहिलं ते परत घेते. त्यातलं खपाबद्दलचं घेत नाही. तू गप्प राहिलास त्यात माया किती आणि धंदा किती, हे तुझं तुला माहीत. मी माया धरून चालते. मला आता दुसरं काही धरायला राहिलेलं नाही.

दिवाळी अंकाचं कव्हर अजून प्रेसला गेलं नसेल. माझे फोटो काढून टाक. मंजुश्रीने माझे एकटीचे पण काढलेत, पिवळ्या साडीतले, नजर समोर. मोबाइलवर पाठवले तिने. फार चांगले आलेत, दोरीवर टांगले तर माणूस नक्की थांबेल. तरी नको. आप्पांचा मे महिन्यातला रंगीत लाव, ओरडल्यासारखा दिसतो तोच. खपला नाही तरी लाव. आणि आत पहिल्या पानावर पंचांच्या नावाने दोन ओळी छाप की ऑगस्टचा हार सिंधुने घातला होता. आप्पा नको म्हणतील, पण तू त्यांचं ऐकू नकोस. मधली पेटी गेली तर जाऊ दे.

परवा वहिनींच्या फोनवरून तू विचारलंस, की कव्हरवर मी असले तर आत माझं कोणतं पद छापायचं, सुरावटीसकट, कारण वाचक कव्हरवरच्या माणसाचं गाणं आत शोधतो. तेव्हा सांगते म्हणून फोन ठेवला. दोन दिवस झाले, दुपारी शटर ओढून दुकानात बसतेय. शब्द घेते, डोळे मिटते, एक ओळ माझी म्हणून सुरू करते. दुसऱ्या ओळीला ती आप्पांची होते. त्यांच्याच ठिकाणी माझा श्वास तुटतो. मला दम पुरतो अण्णा, तरी तिथेच तुटतो.

म्हणून छापायला काही पाठवत नाही. माझ्याकडे एकही नाही.

सिंधु